साठीनंतरची फटफटी

साठी उलटलेल्या माणसाने मोटारसायकल चालवू नये, असे आमच्या घरात, गल्लीत आणि औषधाच्या दुकानातसुद्धा सर्वांचे मत आहे. माझे नाही. गेल्या पोळ्यापासून मी पुन्हा गाडी चालवतो आहे. वय 64, हृदयात दोन स्टेंट, पंधरा वर्षांचा मधुमेह आणि उजवा गुडघा स्वतंत्र विचारांचा!

"काकाजी, आता काहून जीवावर उदार झाले?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारा पोट्टाच मग मला मागे बसवून शेतात सोडायला तयार असतो. त्याच्या एका हातात मोबाइल, डोक्यावर हेल्मेट नाही आणि आर्णी रोडवर ऐंशीचा वेग. माझ्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे डोक्याला मार लागला तर मला तो इतरांपेक्षा महागात पडणार. तरी मी हेल्मेट घालून चाळीसच्या वेगाने जाणे धोक्याचे, आणि त्याच्या मागे बसणे सुरक्षित? मागे बसलेल्याच्या हाती ब्रेक नसतो मंडळी, एवढे तरी मान्य करा.

मोठ्या शहरांत हा छंदाचा विषय आहे. तिकडे निवृत्तीनंतर लोक बुलेट घेऊन लडाखला जातात. टेड सायमन नावाचा इंग्रज पत्रकार 1973 साली मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघाला होता. तोच माणूस 2001 साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पुन्हा त्याच वाटेने निघाला. केनियात पाय मोडून घेतला, बरा झाला आणि पुढे गेला. मोठा माणूस! पण मला जग बघायचे नाही, मला कपाशी बघायची आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आमच्या यवतमाळ जिल्ह्याची जी दशा केली, तेव्हापासून फोनवरच्या "सारं बराबर हाये जी" वर माझा विश्वास बसत नाही. वरून बोंड चांगलेच दिसते, हिरवे बोंड फोडले की आत अळी सापडते. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून तीन किलोमीटर पायी. मे महिन्यात डोक्यावर 45 डिग्री, पावसाळ्यात पायाला किलोभर काळी माती. स्टेंट बसल्यावर सहा वर्षे गाडी बंद होती, तेव्हा शेतात जायचे तर कोणाला तरी विचारावे लागे. विचारून विचारून माणूस विचारायचाच थांबतो, आणि मग शेताचे निर्णय आपोआप दुसरे कोणी घेऊ लागते. हा आजार कोणत्याच रिपोर्टात येत नाही.

आता दुसरी बाजू. "माझा जीव, माझी मर्जी" हे मला पटत नाही. मला चक्कर आली तर समोरून सायकलवर शाळेत निघालेल्या पोरीचा काय दोष? पंचावन्न ओलांडल्यावर परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्यात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. ठीकच आहे. पण सकाळी अकरा वाजता साखर खाली येते, तळपाय बधिर होतात आणि ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही, हे त्या कागदाला कसे कळणार? ते आपले आपल्यालाच तपासावे लागते.

म्हणून माझे काही कायदे आहेत. निघण्यापूर्वी बोटाला सुई टोचून साखर बघायची, उपाशीपोटी किल्लीला हात लावायचा नाही, खिशात ग्लुकोजची पुडी. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तळपायांची संवेदना तपासून घ्यायची. सूर्य मावळायच्या आत घरी. मोतीबिंदूची सुरुवात आहे, त्यात हंगामात मागचा दिवा नसलेली, कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेली ट्रॉली अंधारात तरण्या डोळ्यांनाही दिसत नाही. गाडी सव्वाशे किलोच्या आतली, बटनावर चालू होणारी. (तरुणपणी राजदूत होती. तिची किक उलटी बसली की नडगी आठवडाभर निळी! बुलेटचा मोह अजून होतो, पण जवळपास दोनशे किलोचे ते धूड चिखलात आडवे झाले तर उचलणार कोण?) 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाके धरणारी व्यवस्था सक्तीची आहे. बधिर पायाच्या माणसाला ती फार कामाची, म्हणून स्वस्तातली जुनी गाडी मिळत असूनही घेतली नाही.

आणि सर्वांत कडक कायदा घरचा. एकदा जरी चक्कर आली, तरी किल्ली हिच्या ताब्यात, अपील नाही. हिने तो वहीत लिहून माझी सही घेतली आहे.

डोळ्यांची तपासणी दिवाळीनंतर आहे. तोवर रोज सकाळी फाटकात उभा राहून समोरच्या गाडीची पाटी वाचतो. एमएच-29 काय, न बघताही सांगता येते, पुढच्या चार आकड्यांचे खरे!