काढण्याचा अधिकार

संततिनियमनाचा विषय निघाला कीं आपल्या सुशिक्षित समाजांत दोन पक्ष पडतात. एकाला विषयाचीच लाज वाटते. दुसऱ्याला लोकसंख्येची चिंता वाटते. जिच्या देहाचा प्रश्न, तिला काय वाटतें हें विचारण्याचें मात्र दोघांनाहि सुचत नाहीं. स्त्रीच्या दंडांत बसवावयाच्या इम्प्लांटविषयीं जी चर्चा ऐकूं येते, तिचीहि तीच गत आहे.

वस्तु प्रथम समजून घेऊं. ही सुमारें ४ सेंटिमीटर लांबीची लवचिक कांडी. दंडाच्या आंतल्या बाजूस, जागा बधिर करून, त्वचेखालीं बसवितात. तींतून प्रोजेस्टोजेन जातीचें द्रव्य थोडथोडें रक्तांत मिसळत राहतें. त्यामुळें स्त्रीबीज बाहेर पडत नाहीं, व गर्भाशयाच्या मुखाशीं असलेला स्राव दाट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. परिणाम ३ वर्षें टिकतो. वर्षाकांठीं हजारांत एखादीलाच गर्भ राहतो. कांडी काढली कीं गर्भधारणेची शक्ति लवकरच परत येते. दोषहि आहेत. पाळी अनियमित होते, कधीं अजिबात थांबते. गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाहीं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं निवडक ठिकाणीं हें साधन आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमांत आणलें.

लाजऱ्या पक्षाला उत्तर देण्याची गरज वस्तुतः १९२१ सालींच संपली. त्या वर्षीं रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, त्यापायीं विल्सन कॉलेजांतील नोकरीवर पाणी सोडलें, आणि १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविलें. ज्या विषयासाठीं गणिताच्या एका प्राध्यापकानें इतकी किंमत मोजली, तो शंभर वर्षांनंतरहि आपल्या दिवाणखान्यांत दबल्या आवाजांतच निघावा, याला सभ्यता म्हणत नाहींत, भीति म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक साळसूद आहे. "खेड्यांतल्या बाईला हें झेपायचें नाहीं, दोन मुलें झालीं कीं तिचें ऑपरेशन करून टाकावें," असें म्हणणारे गृहस्थ स्वतःला व्यवहारी समजतात. त्यांनीं वसमत तालुक्यांतील कुरुंद्याचा विचार करावा. नरहर कुरुंदकरांच्या आडनांवांत राहिलेलें हें हळद-उसाच्या मुलुखांतील गांव. येथील विशींतली एखादी सून पहिल्या मुलानंतर तीन वर्षें विसावा मागत असेल, तर ऑपरेशन तिच्या काय उपयोगाचें? तिला अंतर हवें आहे, अंत नव्हे. रोज गोळी आठवणीनें घेणें, ती घरांत लपविणें, दर तीन महिन्यांनीं इंजेक्शनासाठीं शेतांतली मजुरी बुडविणें, यांतलें कांहींच या साधनाला लागत नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची झाल्याचें प्रमाण अवघें ०.३ टक्के. या व्यवहारीपणाचा भार कोणाच्या पोटावर पडला, हें निराळें सांगावयास नको.

पण इम्प्लांटच्या कैवाऱ्यांनाहि आमचें एक सांगणें आहे. गोळी बाईला वाटेल तेव्हां थांबवितां येते. ही कांडी दुसऱ्यानें काढल्यावांचून निघत नाहीं. म्हणूनच सत्तेच्या हातीं ती धोक्याची. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका न्यायाधीशानें एका स्त्रीला तुरुंगवासांत सवलत देतांना अशाच कांड्या बसवून घेण्याची अट घातली होती. आणि परदेशाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाहीं. सक्तीच्या नसबंदीचें विधेयक १९७६ सालीं आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानें मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायदा झालें नाहीं, हें आपलें भाग्य, शहाणपण नव्हे.

तेव्हां कसोटी एकच. किती कांड्या बसविल्या हें मोजूं नका. "पाळी बिघडली, काढून द्या," म्हणत परत येणाऱ्या बाईला "तीन वर्षें थांब" असें उत्तर मिळतें, कीं विनातक्रार कांडी काढून मिळते, हें पाहा. जेथें काढणारा शिकलेला हात नाहीं, तेथें बसविणारा हातहि असूं नये. कुरुंद्याच्या बाईला हा अधिकार मिळाला तरच तिला साधन मिळालें. एरवीं तिच्या दंडांत आपण केवळ आपली चिंता बसविली, असें म्हणावें लागेल.