तो डबा आधी दवाखान्यात दाखवा

शिरूर कासार तालुक्यातल्या ऊसतोड बंधू-भगिनींनो, आणि मागे घर राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनो,

उचल घेऊन झाली, कारखान्याची वाट धरायची वेळ आली, आणि मोबाइलवर ‘सात दिवसांत गुडघे मोकळे’, ‘साखर कायमची बंद’ असले व्हिडिओ फिरतायत. फडात वाकून वाकून ज्याची कंबर गेली, त्याला याहून गोड काय ऐकू येणार? पण व्हिडिओतल्या औषधाच्या डब्यासाठी पैसे पाठवू नका.

‘शेजारच्याला गुण आला की!’ म्हणाल. येतो ना, तिथंच तर गोम आहे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. दोन दिवसांत दुखणं पळतं, माणूस मोळ्या उचलायला लागतो. मग तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम सोडली तर जिवावरही बेतू शकतं. जडीबुटीच्या नावानं विकलेल्या मधुमेहाच्या चूर्णातही इंग्रजी गोळ्यांची पूड निघालेली आहे.

मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अर्धांगवायू, संधिवात बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तेव्हा ‘शंभर टक्के गॅरंटी’ ऐकू आली की जाहिरात तिथंच बंद करा. मोठ्या नावालाही भुलू नका. भ्रामक जाहिरातींबद्दल 2024 मध्ये पतंजलीला सर्वोच्च न्यायालयाची माफी मागावी लागली, ती वर्तमानपत्रांत छापावीही लागली. नामांकित डॉक्टरचा चेहरा आणि आवाज तर आता कॉम्प्युटरवर बनतो.

सगळ्यात कळकळीची विनंती: चालू औषध मनानं बंद करू नका. ज्या लेकराचं सगळं इन्सुलिनवर आहे, त्याचं ते थांबलं तर थोड्या दिवसांत जीव जातो. टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर पुढं त्याच गोळ्या लागू न पडण्याचा धोका असतो. फडात साप-विंचू चावला तर व्हिडिओतला झाडपाला हुडकत बसू नका, 108 ला फोन करा. विंचूदंशावरचा उपचार जगाला दाखवला तो आपल्या मराठवाड्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी, महाडला, आणि तोही रक्तदाबाच्या साध्या गोळीनं!

डबा घेतलाच असेल तर लाजू नका, फेकूनही देऊ नका. तसाच सरकारी दवाखान्यात न्या. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365, ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर 1930.

मुकादमांनो, गाडी हलण्याआधी टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला एकदा विचारा: पिशवीत कसल्या पुड्या आहेत?