संशोधनाच्या नोंदी आणि एका फायलीतील विदागार

शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे खंड १९४४ व १९६१ साली प्रसिद्ध झाले. आजही आपण त्यांच्याकडे वळतो, कारण एका अभ्यासकाने केलेल्या नोंदी सर्वांच्या झाल्या. याउलट आज प्रबंधासाठी केलेल्या सहस्रावधी नोंदी प्रबंध सादर होताच नाहीशा होतात. प्रस्तुत लेखकाच्या नोंदी एका जुन्या फाँटमध्ये टंकित होत्या. तो फाँट गेला आणि नोंदी असून नसल्यासारख्या झाल्या.

आपण सामान्यतः एक्सेलचा आश्रय घेतो. परंतु ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या आणि ओवीगणिक १२ शब्द धरले, तर १,०८,००० शब्द होतात. दहा पोथ्यांतील पाठ शब्दशः मांडायचे म्हटल्यास नोंदी १०,८०,००० होतात. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात. म्हणजे एकाच ग्रंथाच्या पाठचिकित्सेला हे साधन अपुरे पडते.

रिचर्ड हिप यांनी २००० साली सिद्ध केलेले 'एसक्यूलाइट' येथे उपयोगी पडते. त्यास स्वतंत्र सर्व्हर लागत नाही, मूल्य पडत नाही, आणि सारे विदागार एका फायलीत राहते. ग्रंथाअखेरच्या शब्दसूचीप्रमाणे त्यात सूची बांधता येते. त्यामुळे संगणक सर्व नोंदी न वाचता नेमक्या जागी पोहोचतो आणि साध्या यंत्रावरही लाखो नोंदींचा शोध सुकर होतो. एका वेळी एकालाच त्यात लिहिता येते, ही मर्यादा एकट्या संशोधकाला जाचत नाही.

हे काम संगणकतज्ज्ञांचे, असा आक्षेप घेतला जाईल. तो मान्य होण्याजोगा नाही. या साधनातील संहिताशोधाची मूळ योजना काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानीत नाही. तसे मानावे, हे आपणच सांगावे लागते. 'पाणी' शोधल्यास 'पाण्याला' सापडत नाही. 'घर'ने आरंभ होणारे शब्द मागितल्यास 'घराला'सोबत 'घर्षण'ही येते. शब्द म्हणजे काय, सामान्यरूप कोठे जोडावे, हे प्रश्न व्याकरणाचे, म्हणजे आपलेच आहेत. ते आपण सोडविले नाहीत, तर सदोष उत्तरे प्रमाण मानली जातील.

म्हणून मराठी विभागांनी प्रबंधासोबत युनिकोडमधील नोंदींची अशी एक फाईल आणि तिच्यातील रकान्यांचा खुलासा सादर करणे बंधनकारक करावे, असे सुचवावेसे वाटते. निष्कर्षांवर मतभेद होतील, ते व्हावेतही. परंतु पुढच्या अभ्यासकाला ते तपासण्यासाठी मूळ नोंदी तरी हाती असाव्यात.