पोहता येतं?

फॉर्मवर प्रश्न होता : पोहता येतं का? मी बिनधास्त ‘हो’ लिहिलं. बायोडेटात ‘टीम प्लेअर’ लिहितो ना आपण, तसंच!

कॉलेजच्या मुलांची तीन दिवसांची नदी-मोहीम. कोलाड ते रेवदंडा, कुंडलिकेच्या सोबतीने पार समुद्रापर्यंत. मी त्यांची ‘सीनिअर ताई’. पहिल्याच दिवशी राफ्टिंग.

सकाळी काठावर पोचलो, तर नदीत पाण्यापेक्षा दगडच जास्त. ‘पाणी सुटायचंय अजून,’ गाइडदादा म्हणाले. ही नदी शिफ्टमध्ये चालते, बॉस! मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज बनवून झाली की कुंडलिकेत उतरतं. खरं तर हे मुळा नदीचं पाणी. ते जायचं पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे. मुंबईला वीज हवी म्हणून ते पश्चिमेला वळवलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९२१ मध्ये, गावं बुडणार म्हणून, मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यातलेच.

‘म्हणजे आपण त्या गावांवरून आलेल्या पाण्यात मजा करणार?’ एका मुलीने विचारलं. सगळे गप्प.

मग लाइफ जॅकेटं चढली. दादांनी सूचना दिल्या. पडलात तर पाठीवर व्हा, पाय पुढे. उभं राहायला जाऊ नका, दगडात पाय अडकतो. ‘आणि आता खरं सांगा, पोहायला कोणाला येत नाही?’

फक्त त्याच मुलीचा हात वर. मी जॅकेटचा पट्टा उगाच घट्ट करत बसले.

‘शाब्बास! तू माझ्याजवळ बस,’ दादा म्हणाले.

पाणी आलं आणि नदी एकदम दुसरीच झाली. तिसऱ्या की चौथ्या उसळीला राफ्ट उडाली, मी बाहेर! नाकातोंडात पाणी. घाबरून पहिलं काय केलं असेल? उभं राहायला गेले. ‘ताई, पाठीवर! पाय पुढे!’ ओरडणारी तीच. तिनेच वल्ह्याची मूठ पुढे केली. दोघांनी मला पोत्यासारखं आत ओढलं.

रात्री तंबूत मी माझा फॉर्म परत मागितला. ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं.

मागे वळले, तर आणखी चार जण पेनसाठी रांगेत उभे.