परवान्यांचें दप्तर आणि मक्तेदारीचा उद्योग

गेल्या महिन्यांत आमच्याकडे दोन पत्रें आलीं. एक सांगलीहून, दुसरें साताऱ्याहून. दोहोंतील अडचण इतकी सारखी कीं, उत्तर एकच दिलें तरी चालेल. सांगलीच्या भगिनी लिहितात कीं, त्यांच्या धाकट्या दिरांनीं स्थापत्याची पदविका घेऊन बांधकामाचे मक्ते घेण्याचा उद्योग आरंभिला. पहिलें घर मामांचें बांधलें, दुसरें मावसभावाचें, आणि त्यानंतर सहा महिने काम नाहीं. सेंटरिंगच्या सामानासाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाहीं, आणि तो एकत्र कुटुंबाच्या खर्चांतून जात असल्यामुळें घरांत कुजबूज सुरू झाली आहे. साताऱ्याचे गृहस्थ आपल्या पुतण्याविषयीं लिहितात. तो कंटाळून पुण्यास नोकरी पाहूं म्हणतो. ह्यांस तो घरीं हवा आहे. आणि वडील चुलते म्हणतात कीं, आमच्या घराण्यांत काम मागण्यासाठीं कोणी दारोदार हिंडलें नाहीं.

चुलत्यांच्या म्हणण्याकडे मागाहून वळूं. प्रथम कामें कोठें असतात तें पाहिलें पाहिजे. आप्तवर्गांत दोनचार वर्षांनीं एखादें घर निघावयाचें. नगरांत तीं नित्य निघत असतात, आणि त्यांतील बहुतेकांची वर्दी पायाची कुदळ पडण्यापूर्वींच सरकारदरबारीं लागलेली असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यान्वयें परवानगीवांचून बांधकाम करतां येत नाहीं. सांगली, मिरज व कुपवाड मिळून १९९८ सालीं महानगरपालिका झाली, तेथें हें काम नगररचना विभागाकडे, साताऱ्यास नगरपालिकेकडे. साताऱ्याची हद्द २०२० मध्यें वाढून शाहूपुरी, विलासपूर हे भाग आंत आले, तेव्हां तिकडील नव्या घरांचे कागदही आतां पालिकेच्याच दप्तरांत शोधावयाचे.

घर विटांनीं उभें राहतें, तसें कागदांनींही उभें राहतें. आधीं अर्ज व नकाशा. मग मंजुरी व प्रारंभ प्रमाणपत्र. जोतें झालें म्हणजे जोत्याची तपासणी. शेवटीं भोगवटा प्रमाणपत्र. उद्योग करणाऱ्यानें हा क्रम तोंडपाठ करावा, कारण प्रत्येक पायरीवर निराळ्या कारागिराची गरज असते. नकाशा मंजूर झाला कीं खोदाई, सळई, वाळू, सेंटरिंग ह्यांची वेळ. जोत्याचा दाखला निघाल्यावर मुख्य मक्ता कोणाचा तें ठरूनच गेलेलें असतें. त्या घरीं मक्ता मागावयास जाणें म्हणजे लग्न लागल्यावर स्थळ सुचविणें होय. परंतु चौकटी करणारा सुतार, वीजतंत्री, नळकाम करणारा, फरशीवाला ह्यांस तीच वेळ उत्तम. आमच्या सांगलीच्या पत्रलेखिकेच्या दिरांनीं मोठ्या मक्त्याचा आग्रह सोडून कांहीं काळ गिलावा व फरशीचीं कामें घेतलीं, तर हप्ताही निघेल व ओळखीही वाढतील. मोठ्या मक्त्याचीच अट धरून बसण्यापेक्षां हें बरें.

एक नोंद मात्र अशी आहे कीं तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. वरील कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणें परवानगी एक वर्ष टिकते व ती वर्षावर्षानें वाढवून घेतां येते. ज्या घरानें मुदत वाढवून घेतली, तेथें कांहींतरी अडलेलें असतें. कोठें पैसा संपलेला असतो, कोठें भावाभावांत वाद असतो, आणि कोठें पहिला मक्तेदार अर्धें काम टाकून गेलेला असतो. ह्या तिसऱ्या प्रकारच्या घरास मक्तेदार हवाच असतो. पण एकदां पोळलेला असल्यामुळें तो मालक स्वतः होऊन कोणास विचारीत नाहीं. अशा ठिकाणीं उरलेल्या कामाचें स्वच्छ अंदाजपत्रक घेऊन जाणाऱ्याचें स्वागत होण्याचा संभव अधिक. पैसा संपलेल्या घरीं मात्र उधारीवर काम धरूं नये.

आतां हें दप्तर पाहावयास कसें मिळतें? अमेरिकेंत ज्यांचीं मुलें आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, शिकागो नगरानें २००६ पासूनचे बांधकाम-परवाने सर्वांस महाजालावर पाहावयास ठेवले आहेत; त्यांत कामाचें वर्णन, अंदाजी खर्च, मक्तेदाराचें नांव हें सर्व असतें, आणि तेथील मक्तेदार त्या याद्या वाचून कामाच्या शोधास निघतात. आपल्याकडे इतकी सोय सर्वत्र नाहीं. पण कायदा आपल्याच बाजूचा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यांत ४ थ्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, प्रत्येक सार्वजनिक कार्यालयानें आपण दिलेल्या सवलती, परवाने व अधिकारपत्रें ज्यांस मिळालीं त्यांचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावा. तेव्हां प्रथम ती यादी विचारावी. ती नसेल तर दहा रुपयांच्या शुल्कानिशीं अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवस, व नकलेस पानास दोन रुपये. अर्जांत ‘सर्व परवान्यांची माहिती’ असें मोघम लिहूं नये. ‘अमुक महिन्यांत दिलेल्या प्रारंभ प्रमाणपत्रांची यादी; क्रमांक, दिनांक, जागेचा सर्व्हे क्रमांक व वास्तुविशारदाचें नांव’ इतकेंच मागावें. लोकांच्या घराचे नकाशे मागूं नयेत. ते मिळण्याचा संभव थोडा, आणि मागणेंही सभ्यपणाचें नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानें ह्या बाबतींत नियम अधिक कडक केले आहेत.

अर्जाचीही दगदग नको असेल त्यानें सायकल काढावी. राज्यांत २०२० च्या डिसेंबरांत जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्याप्रमाणें बांधकामाच्या जागीं फलक लावावा लागतो. त्यावर मालक, वास्तुविशारद, परवानगीचा क्रमांक व दिनांक हें लिहिलेलें असतें. विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत एक सकाळ हिंडलें तर वही भरून येईल. मोठ्या सदनिकांच्या कामांसाठीं ‘महारेरा’ची नोंदणी २०१७ पासून आहे व ती जिल्हावार कोणासही पाहतां येते; पांचशें चौरस मीटरांपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या कामांस ती लागत नाहीं. आणि गिलावा, रंग, फरशी बदलणें अशा डागडुजीस परवाना लागत नसल्यामुळें तीं कामें कोणत्याच दप्तरांत सांपडावयाचीं नाहींत. तीं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनच कळतात.

सांगलीकरांस एक जास्तीची सूचना. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर ज्यांनीं पाहिले त्यांस कृष्णेची निळी व लाल पूररेषा समजावून सांगणें नको. एखाद्या जागेचें काम हातीं घेण्यापूर्वीं ती ह्या रेषांच्या आंत कीं बाहेर, हें विकास-आराखड्यावर पाहावें. परवान्याविना निळ्या रेषेंत चाललेलें काम कितीही दामदुपटीचें असलें तरी नाकारावें. पाडावयाचें झालें तर मक्तेदाराचीही मजुरी बुडते.

आतां चुलत्यांचा आक्षेप. मक्ता हा शब्द परका असला तरी व्यवहार जुना आहे. ठरल्या रकमेंत ठरलें काम करून देणें, ह्यांत याचना कोठें आली? आम्हीं शाळेंत असतांना मुलांस वार लावून जेवूं घालणारीं घरें होतीं. तें मागणें कोणास लाजिरवाणें वाटलें नाहीं, मग हातांतील विद्येचा उपयोग करा म्हणून सांगणें लाजिरवाणें कां वाटावें? परंतु चुलत्यांच्या म्हणण्यांत तथ्यही आहे, आणि तें दाराच्या आंत असणाऱ्यांच्या बाजूचें आहे. परवाना निघाला कीं दहा अनोळखी माणसें दारांत उभीं राहतात. दुपारीं घरांत एकटी सासू किंवा सून असते. ‘तुम्हांस आमचा पत्ता कोणीं दिला?’ ह्या प्रश्नास सरळ उत्तर मिळत नाहीं. तेव्हां दूरध्वनीचे आंकडे गोळा करून वेळीं अवेळीं घंटा वाजवूं नये. प्रथम वास्तुविशारदांस भेटावें. त्यांचें नांव फलकावर असतेंच, आणि कित्येक मालक मक्तेदाराची निवड त्यांच्याच सल्ल्यानें करतात. मालकास एकच पत्र लिहावें. त्यांत आपण पत्ता कोठून घेतला हें पहिल्याच ओळींत सांगावें, पूर्वीं केलेल्या दोन घरांचा ठिकाणा त्या मालकांच्या संमतीनें द्यावा, आणि उत्तर न आल्यास पुन्हां लिहूं नये.

घर बांधणाऱ्या कुटुंबांसही ह्याच दप्तराचा उपयोग आहे, आणि तो आमच्या अधिक वाचकांच्या कामाचा. मक्तेदार ‘आम्हीं अमुक घर बांधलें’ म्हणतो, तेव्हां त्या घरास भोगवटा प्रमाणपत्र मिळालें काय, व परवान्यापासून तेथवर किती काळ गेला, हें विचारावें. घरांतील सुनांपैकीं कोणी शिकलेली असेल तर हें काम तिच्याकडे द्यावें. आमचा अनुभव असा कीं, तारखांची विसंगति पुरुषांपेक्षां त्यांच्या लवकर ध्यानांत येते.

साताऱ्याच्या गृहस्थांनीं शेवटीं विचारलें आहे कीं, कचेरींतील कोणास ‘चहापाण्याचे’ कांहीं देऊन यादी इतरांच्या आधीं मिळवावी काय? १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून लांच देणारासही थेट गुन्हेगार धरतात. आणि पुतण्यानें अर्ज पाठवून तीस दिवस वाट पाहिली, तरी त्या यादींत जीं घरें येतील त्यांपैकीं बहुतेकांचा पहिला स्लॅबही तोंवर पडलेला नसेल.