कचेरीतला आयत्या वेळचा खेळ

कारखान्यांतून व कचेऱ्यांतून कर्मचाऱ्यांसाठी तास-दीड तासाची नाट्यशिबिरे भरविण्याची चाल अलीकडे पडली आहे. संहिता नाही, पाठांतर नाही. दहा-पंधरा माणसे वर्तुळात उभी राहतात आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलतात. जुन्या मंडळींना हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तो तसा वाटत नाही. मात्र तो ज्या रीतीने उरकला जातो तीविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे.

हे खेळ परदेशातून आले, असे समजले जाते. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी त्यांची पद्धतशीर बांधणी केली व त्यांचा ग्रंथ १९६३ साली निघाला, हे खरेच. परंतु १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे तेवढी रचलेली होती. भाषणे ज्या त्या नटाने प्रसंग पाहून करावयाची होती. कोकणातला दशावतारी आजही रंगपटात कथानक ठरवून घेतो आणि राजा व राक्षस एकमेकांचे शब्द झेलीत रात्र काढतात. आपल्या शेजारच्या भवाईतला रंगलो तरी कुठे सारे पाठ करून बोलतो?

या साऱ्यांचे मर्म त्या झेलण्यात आहे. समोरच्याने म्हटले, “विश्वामित्रीतली मगर आपल्या फाटकाशी आली आहे,” तर “छे, भलतेच काहीतरी!” असे म्हणावयाचे नाही. “होय, आणि तिने हजेरीपटावर सहीसुद्धा केली,” असे म्हणून गोष्ट पुढे न्यावयाची. (२०२४ च्या पुरानंतर बडोदेकरांना यात अतिशयोक्ती फारशी वाटू नये.) कचेरीत नेमकी उलट सवय लागलेली असते. धाकट्याने तोंड उघडले की “ते आम्ही पूर्वीच करून पाहिले आहे” असे म्हणून विषय मिटविणारा वरिष्ठ प्रत्येक खात्यात एक तरी सापडतो. रसायनांच्या कारखान्यात नव्या माणसाला पंपाचा आवाज निराळा वाटला आणि साहेब काय म्हणतील या धाकाने तो गप्प बसला, तर पुढे काय ओढवेल हे या शहराला सांगावयास नको.

म्हणून साहेबांनी स्वतः वर्तुळात उभे राहिले पाहिजे. खुर्ची टाकून वही घेऊन बसणारा साहेब खेळाचा जीवच घेतो. तेथे कोण अडखळला, कोण लाजला, याची नोंद वार्षिक शेऱ्यात जाणार असेल, तर असले शिबिर न भरविलेलेच बरे. ज्याला उतरावयाचे नाही त्याला नुसते पाहण्याची मोकळीक असावी.

वेळेचे म्हणाल, तर ती कामाच्या तासांतूनच दिली पाहिजे. सुटीनंतर थांबवून घेतलेल्या शिबिरात घरी स्वयंपाकाची वाट पाहणारी माणसे असलेल्या स्त्रिया कशा हसणार? रविवारच्या अखंड दिवसापेक्षा पंधरवड्याने पाऊण तास, असे चार-पाच वेळा केलेले अधिक गुणाचे. एका बैठकीने धीटपणा येतो, असे सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या मंडळींसाठी. बडोद्याचा मराठी गृहस्थ घरी मराठी, मंडईत गुजराती आणि कचेरीत इंग्रजी बोलतो. बेसावध क्षणी त्याच्या तोंडी जी येईल ती भाषा त्याला बोलू द्यावी. इंग्रजीची सक्ती केली की निम्मी माणसे पुन्हा मुकी होतात, आणि जी बोलतात ती पूर्वीही बोलतच होती.

हे शिकविणारे शोधावयास मुंबईस जावे लागू नये. १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेचा वारसा सांगणारी विद्यापीठाची विद्याशाखा सूरसागरासमोर आहे, तेथे नाट्याचेही शिक्षण मिळते. तेथल्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना कारखान्यांनी रीतसर मानधन देऊन बोलवावे.