स्वभाव तिचा, हिशेब आपला



गेल्या चातुर्मासात माझी सून रोज दिवेलागण उलटल्यावर घरी यायची. रात्री न जेवण्याचा तिचा नियम, म्हणून संध्याकाळी ऑफिसातच डब्यातलं गार जेवण उरकायची. सहा वर्षांची नात वाट बघून कंटाळायची. मी सगळ्यांना सांगायचे, "तिचा स्वभावच तसा. कामाची भारी हौस!"

मी बी.कॉम. झालेली, हिशेबाची गोडी अजून आहे. एकदा सहज तिच्या कामाची चौकशी केली. तेव्हा कळलं, खात्यात माणसं चार, पण महिनाअखेरचं काम दर वेळी हिच्याच टेबलावर. कारण ही नाही म्हणत नाही. इतरांची रजा मंजूर व्हायची, हिला मात्र "तुमच्याशिवाय कोण करणार?" असं गोड उत्तर मिळायचं.

दिवाळीनंतर साहेब बदलले. नव्या साहेबांनी चौघांत पाळी लावली. सून तीच, स्वभाव तोच, पण आता बहुतेक दिवस सूर्यास्ताआधी घरात असते.

स्वभावाचा वाटा असतोच. चोख काम करणारी, हळवी बाई ऑफिसची काळजी घरी आणते. तिने नाही म्हणायला शिकावं, हेही खरं. पण नियम सगळ्यांना सारखे नसतील तर शांत माणसाचाही तोल जातो. कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. असा हक्क मागणाऱ्या मुलीला आपणच 'भांडखोर' म्हणायचं नाही.

मग मी घराचीही वही मांडली. आठवडाभर कोण काय करतं ते लिहिलं. सुनेच्या नावावर पान भरलं, मुलाच्या नावावर दोन ओळी: दूध आणणे, वीजबिल भरणे. मला लाज वाटली. नाही म्हणत नाही म्हणून तिच्यावर काम टाकणाऱ्या त्या जुन्या साहेबात आणि माझ्यात फरक काय?

आता सकाळचे डबे आणि नातीचा अभ्यास मुलाकडे आहे. पहिले चार दिवस कुरकुरला, आता सवय झाली.

सुनेच्या स्वभावाला नाव ठेवण्याआधी एकदा आपल्याही घरची वही मांडून बघा.